चवथीच्या नेवऱ्या आणि घरातला मधुमेह

प्रश्न: आम्ही गोव्यात फोंडा तालुक्यात राहतो. मूळ घरी पाच दिवसांचा गणपती असतो आणि घरात सात माणसे. सासूबाई ६८ वर्षांच्या आहेत. त्यांना मधुमेह आहे, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड या गोळ्या चालू आहेत, तरी तयेचा, म्हणजे हरतालिकेचा, उपास त्या चुकवत नाहीत. यजमानांचे वजन वाढले आहे आणि साखर काठावर आल्याचे डॉक्टर सांगतात. मुले नऊ आणि चार वर्षांची. दरवर्षी दीडशेच्या वर नेवऱ्या (करंज्या) होतात, शिवाय शेजारच्या दहा-बारा घरांतून ताटे येतात. यंदा नणंदेची पहिली चवथ, म्हणजे तिच्या सासरी वजेही (फराळाची भेट) पाठवायचे आहे. गेल्या वर्षी यजमानांनी पाहुण्यांसमोर सासूबाईंच्या ताटातली नेवरी उचलली. त्या दोन दिवस बोलल्या नाहीत आणि पुढे रात्री डबा उघडून खाताना दिसल्या. मुले तर दिवसभर हातात काहीतरी घेऊनच फिरतात. गूळ किंवा शुगर-फ्री वापरून काही साधेल का? दिवाळीला आणि नाताळाला हेच पुन्हा होते. काय करावे?

उत्तर: सप्रेम नमस्कार.

वाढलेल्या ताटातली नेवरी उचलायची नाही, एवढे यजमानांना आधी सांगा. चारचौघांत असा अपमान झाला की माणूस खाणे सोडत नाही, लपून खातो. आणि रात्री डब्यातून किती गेले ते कुणालाच कळत नाही, स्वतः खाणाऱ्यालाही नाही. नेवऱ्या किती करायच्या, केवढ्या करायच्या, कधी वाढायच्या हे सगळे पीठ भिजवण्याआधी ठरवा, आणि ते सासूबाईंना सोबत घेऊन ठरवा. स्वयंपाकघर इतकी वर्षे त्यांनी सांभाळले आहे, त्यांचा शब्द त्यात हवाच. एकदा ताट वाढले की त्यावर चर्चा नको.

सासूबाईंच्या बाबतीत आम्हाला नेवरीपेक्षा जास्त काळजी वाटते ती उशिरा होणाऱ्या जेवणाची. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावते, पोटात अन्न असो वा नसो. तयेला उपास, दुसऱ्या दिवशी सकाळी सवयीने गोळी, मग पूजा, आरती, नैवेद्य आणि पान वाढेपर्यंत दोन-अडीच वाजलेले. एवढ्या वेळात साखर ७० च्या खाली जाऊ शकते. घाम फुटतो, हात कापतात, छातीत धडधडते, बोलणे अडखळते, माणूस एकाएकी चिडचिड करू लागतो. सणाच्या गडबडीत ही चिडचिड दमल्यामुळे आहे असे समजून सोडून दिली जाते आणि वेळ निघून जातो.

असे दिसले तर ग्लुकोमीटरने लगेच साखर बघा. मीटर जवळ नसेल तर वाट न बघता उपाय करा. तीन चहाचे चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर, म्हणजे सुमारे १५ ग्रॅम, अर्धा ग्लास पाण्यात ढवळून प्यायला द्या. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा आणि अजून ७० च्या खाली असेल तर तेवढेच पुन्हा द्या. बरे वाटले की लगेच जेवायला बसवा. या वेळी नेवरी किंवा लाडू उपयोगाचा नाही. त्यातले तूप-तेल साखर रक्तात पोचायला वेळ लावते. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काहीही घालू नका, १०८ ला फोन करा.

चवथीच्या आठवडाभर आधी डॉक्टरांकडे जा आणि तीन गोष्टी विचारा: तयेच्या दिवशी कुठली गोळी घ्यायची आणि कुठली नाही, चवथीला जेवण उशिरा होणार असेल तर ग्लिमेपिराइड केव्हा घ्यायची, आणि मीटरवर किती आकडा आला तर फोन करायचा. गोड जास्त खाल्ले म्हणून एक गोळी जादा घेणे किंवा उपास आहे म्हणून सगळ्या गोळ्या बंद करणे, हे दोन्ही स्वतःच्या मनाने करायचे नाही. तयेला निर्जळी तर नकोच. आजारी, वृद्ध आणि मुले यांना उपासातून आणि नैवेद्याआधी न खाण्याच्या नेमातून सूट असते, हे घरातल्या कुणा वडीलधाऱ्याने किंवा तुमच्या भटजींनी त्यांना सांगितले तर त्यांना ते सहज पटेल. चवथीच्या सकाळी आठच्या सुमारास एक वाटी मोड आलेल्या मुगाची उसळ आणि कपभर बिनसाखरेचे दूध, एवढे पोटात असले तरी पूजा होईपर्यंत निभते.

आता ताट. चवथीचे आपले जेवण मुळात चांगले आहे. फक्त खाण्याचा क्रम बदलायचा. आधी खतखते, मुगागाठी, अळू, भाजी, मग भात-वरण आणि त्याच जेवणात शेवटी गोड. भाज्या आणि कडधान्य आधी पोटात गेले की जेवणानंतरची साखर कमी चढते. खतखत्यात सुरण, कणगी असे कंद असतात, म्हणजे पिष्ट तिथेही आहे. खतखते पोटभर खाल्ले की भात आपोआप कमी घ्यायचा.

गोड आले की त्याच्या बदल्यात भात कमी करायचा, आणि तो किती ते माहीत हवे. एक वाटी शिजलेल्या भातात साधारण ४० ग्रॅम कर्बोदके असतात. नेहमीच्या आकाराच्या एका नेवरीत वीसेक ग्रॅम, म्हणजे अर्धी वाटी भात. हळदीच्या पानात उकडलेल्या एका पातोळीत तीसच्या आसपास, म्हणजे पाऊण वाटी. सर्वांत जड आहे ते मणगणे. पाव किलो गूळ, एक वाटी चण्याची डाळ, थोडा साबुदाणा आणि नारळाचा रस घालून आठ वाट्या होतात, तेव्हा एका वाटीत ३० ग्रॅमच्या वर गूळ आणि एकूण ५० ग्रॅम कर्बोदके जातात. डावाने (पळीने) वाढायचे गोड नेवरीपेक्षा घातक, कारण त्याला मोजमाप राहत नाही आणि वाढणारा आग्रहाने वाढतो. मणगण्यासाठी लोणच्याच्या वाट्या काढा, एका माणसाला एकच. आणि ज्या दिवशी मणगणे असेल त्या दिवशी सासूबाईंना नेवरी नको. हेही त्यांनीच आदल्या दिवशी ठरवू द्या.

पाचांपैकी दोन दिवस जेवणाआधी आणि जेवायला बसल्यापासून दोन तासांनी त्यांची साखर तपासा. दोन तासांनी १८० च्या आत असेल तर तेवढे गोड त्यांना चालते. एका दिवशी भात तेवढाच ठेवून गोड खाल्ले आणि दुसऱ्या दिवशी भात कमी करून तेच गोड खाल्ले, तर दोन आकड्यांतला फरक त्या स्वतः बघतील. सुनेने किंवा मुलाने सांगण्यापेक्षा हा आकडा जास्त ऐकला जातो. जेवून लगेच आडवे होण्याऐवजी दहा-पंधरा मिनिटे अंगणात किंवा शेजारच्या गणपतीपर्यंत चालत जाऊन यावे. यजमानांनी त्यांच्याबरोबर जावे. त्यांनाही त्याची तेवढीच गरज आहे.

नेवऱ्यांची संख्या कमी करा असे आम्ही म्हणणार नाही, कारण घरात त्यावरूनच वाद होतो. नेवरी लहान करा. दहा सेंटीमीटरची पुरी लाटता ती सात सेंटीमीटरची लाटली की तिचे क्षेत्रफळ जवळजवळ निम्मे होते. अर्धा किलो मैद्यात मोठ्या चाळीस होतात, तिथे लहान ऐंशी होतील. म्हणजे एक किलो मैद्यात तुमच्या दीडशेच्या वर नेवऱ्या होतात. सात माणसे, पाच दिवस, रोज दोन म्हणजे ७०, शेजारच्या बारा घरांना प्रत्येकी चार म्हणजे ४८, आणि उरलेल्या चाळीस पाहुण्यांना.

सारणात अर्धा किलो मैद्यामागे किसलेले सुके खोबरे २५० ग्रॅम आणि पिठीसाखर ४०० ग्रॅम असे प्रमाण बहुतेक घरांत असते. साखर २६० वर आणा आणि कमी झालेली जागा भाजलेल्या तिळाच्या कुटाने (७५ ग्रॅम) आणि डाळ्याच्या पिठाने (५० ग्रॅम) भरा, वर २५ ग्रॅम खसखस आणि वेलची. चिमूटभर मीठ घातले की कमी साखर जाणवत नाही. सुक्या सारणात साखरेवर बांधणी अवलंबून नसते, म्हणून ती एक तृतीयांशाने सहज कमी होते. अशा एका लहान नेवरीत साखर सव्वातीन ग्रॅम येते, मोठ्या जुन्या नेवरीत ती दहा ग्रॅम होती. तळणीचे तेल मात्र त्या मानाने कमी होत नाही; लहान नेवरीला सारणापेक्षा पारी जास्त असते. एका लहान नेवरीत ९० ते १०० कॅलरी धरा. लहान आहेत म्हणून चार-चार खाल्ल्या तर केलेले सगळे वाया गेले.

चुका कुठे होतात तेही सांगतो. भाजलेले खोबरे पूर्ण गार होण्याआधी पिठीसाखर मिसळली तर साखर ओलावते आणि भाद्रपदातल्या दमट हवेत नेवरी तिसऱ्या दिवशी मऊ पडते. मोहन अर्धा किलोला ६० ग्रॅम तूप पुरे. जास्त झाले की पारी तेलात तुटते आणि तेल पिते. लहान नेवरीत भरून एक चहाचा चमचा सारण, त्याहून जास्त घातले तर कडा सुटतात. भरलेल्या नेवऱ्या ओल्या फडक्याखाली ठेवा, नाहीतर पारी सुकून तडकते. तेल पुरते तापले नसेल तर नेवरी तेलकट होते, फार तापले तर वरून लाल होऊन आत कच्ची राहते. कणकेचा तुकडा टाकल्यावर तो बुडबुडे सोडत हळूहळू वर आला पाहिजे. पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा. ओल्या नारळाच्या सारणाची नेवरी त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी संपवा.

गोडात कपात सगळीकडे सारखी चालत नाही. मोदक आणि पातोळीच्या चुनात, म्हणजे गूळ-खोबऱ्याच्या सारणात, एका मोठ्या नारळाला २०० ग्रॅम गूळ घालत असाल तर १३० ते १४० पुरतो. त्याखाली गेलात तर चून कोरडे होऊन सुटते. पातोळीला हळदीच्या पानाचा वास असतोच, त्यामुळे तिथे कमी गोड कुणाला खुपत नाही. शिवाय ती उकडलेली, तेलाचा थेंब नाही. आमचे मत विचाराल तर या पाच दिवसांत नेवरीपेक्षा पातोळीला जास्त जागा द्या. मणगण्यातही गूळ पाव किलोवरून १७५ ग्रॅमपर्यंत उतरतो. डाळ पूर्ण शिजल्यावरच गूळ घाला, आधी घातला तर डाळ टणक राहते. घट्ट रस सर्वांत शेवटी मंद आचेवर घाला, उकळी आली की तो फाटतो. नारळाच्या रसाचे कुठलेही पक्वान्न दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेले पाहिजे, संध्याकाळपर्यंत ओट्यावर राहिले की आंबते. पाकातले रव्याचे किंवा बुंदीचे लाडू आणि दोदोल यांच्या मात्र वाटेला जाऊ नका. तिथे साखर-गुळानेच पदार्थ धरतो आणि टिकतो. ते नेहमीसारखे करा आणि आकार अर्धा करा.

गूळ घातला म्हणून मधुमेहाला सूट मिळत नाही. शंभर ग्रॅम गुळात आणि शंभर ग्रॅम साखरेत कॅलरी जवळजवळ सारख्याच, आणि रक्तातली साखर दोन्हींनी वाढते. गुळात थोडे लोह वगैरे असते, पण ते मिळवण्यासाठी गूळ खाणे परवडणारे नाही. चवीसाठी वापरा, माडाच्या गुळाची चव तर निराळीच. सुक्या नेवरीत तो नको, कारण गूळ ओल धरतो. शुगर-फ्री गोळ्या आणि पावडरींत अ‍ॅस्पार्टेमवाली शिजवल्यावर गोडी गमावते, सुक्रालोजवाली खिरीत चालते. सासूबाईंच्या एका वाटीपुरती ती वापरायला हरकत नाही. पण शुगर-फ्री नेवरीतही मैदा आणि तेल तेवढेच राहते. बाजारातल्या शुगर-फ्री मिठाईत माल्टिटॉल असेल तर दोन-तीन तुकड्यांत पोट बिघडते. यजमानांनी वजन उतरवायला या गोळ्यांचा आधार घेऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२३ साली वजन नियंत्रणासाठी त्या न वापरण्याचा सल्ला दिला आहे.

मुलांच्या बाबतीत लपवाछपवी आणि कुलूप दोन्ही नको. जे बंद करतो त्याच्याचकडे मूल जास्त ओढ घेते. दिवसातून दोन वेळा गोड मिळणार, दुपारच्या जेवणात आणि संध्याकाळी, हे त्यांना स्पष्ट सांगा आणि त्या वेळी नक्की द्या. नेवरी हवी की लाडू हे मुलाने निवडावे, किती ते तुम्ही. “भाजी संपव, मग गोड” असे म्हणू नका. तसे म्हटले की भाजी शिक्षा होते आणि गोड बक्षीस. दुपारचे गोड ताटातच वाढा, मुलाने आधी खाल्ले तरी चालेल, दुसऱ्यांदा मिळणार नाही एवढेच. शेजारी गणपती बघायला गेल्यावर हातात मिळालेले एक तिथे खावे, बाकीचे घरच्या डब्यात आणावे. नऊ वर्षांच्या मुलाला हा नियम छान कळतो. चार वर्षांच्या धाकट्याला अख्खे काजू, अख्खे शेंगदाणे किंवा चणे असलेला लाडू देऊ नका. पाच वर्षांखालच्या मुलाच्या श्वासनलिकेत ते अडकू शकतात. कुटलेले असतील तर चालते.

वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आसपास ठेवावी, असे मुलांसाठीही धरून चाला. दोन लहान नेवऱ्या आणि एक मोदक मिळून ती पंधरा-सोळा ग्रॅम होते. पण पाहुण्यांसाठी आणलेल्या कोल्ड्रिंकच्या एका २५० मिलीलिटरच्या बाटलीत एकट्यात २६ ग्रॅमच्या आसपास असते, म्हणजे आठ लहान नेवऱ्यांची साखर. सणात काही बंद करायचे असेल तर ते हे. पाहुण्यांना आणि घुमट-आरतीला येणाऱ्या मंडळींना ताक, सोलकढी किंवा शहाळे द्या, खायला उसळ. दातांनाही गोड किती खाल्ले यापेक्षा किती वेळा खाल्ले त्याचा त्रास होतो. प्रत्येक वेळी खाल्ल्यावर अर्धा-पाऊण तास तोंडात आम्ल राहते. दिवसभर चघळत राहिले की दातांना उसंत मिळत नाही. खाल्ल्यावर चूळ, रात्री झोपताना ब्रश.

शेजारच्या ताटांना नाही म्हणता येत नाही आणि म्हणूही नये. आलेले ताट तासाभरात उपसून ठेवा. लाडू, नेवऱ्या, चकल्या सगळे एका डब्यात न कोंबता गोड आणि तिखट वेगळे करा, त्या दिवसापुरते ताटलीत काढून बाकीचे उंच फळीवर ठेवा. जेवणघराच्या टेबलावर उघडा डबा राहिला की येता-जाता हात जातो, आणि यजमानांचे वजन बहुधा तिथेच वाढते. दोन-तीन घरांशी जमत असेल तर बोलून घ्या की यंदा चार-चारच द्यायचे. बोलायला सुरुवात तुम्ही केलीत तर बाकीच्यांनाही हलके वाटेल. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीत देशातल्या ११.४ टक्के प्रौढांना मधुमेह आढळला, गोव्यात २६.४ टक्के, सगळ्या राज्यांत जास्त. ज्या घरात तुमचे ताट जाते तिथेही बहुतेक कुणीतरी गोळ्या घेत असणार.

वज्याचे तसेच. व्याह्यांना फोन करून त्यांना किती घरांत वाटायचे आहे ते विचारा आणि तेवढेच करा. लहान नेवऱ्या, अर्ध्या आकाराचे लाडू, आणि ताट भरलेले दिसावे म्हणून नारळ, केळ्यांचे घड, तांदूळ, काजूगर. नणंदेच्या मानाला त्यात काही उणे येत नाही. हे सासूबाईंनी व्याहिणीशी बोलावे, तुम्ही नव्हे.

दिवाळीचे फोव (पोहे) सकाळी उपाशीपोटी आणि नरकासुराच्या जागरणानंतर खाल्ले जातात, म्हणून तिथे थोडी सावधगिरी हवी. रोसातले (नारळाच्या रसातले), दुधातले आणि गूळ-खोबऱ्यात कालवलेले असे गोडाचे फोव प्रत्येकी दोन चमचे घ्या. पोट ताकातल्या आणि फोडणीच्या फोवांवर भरा, बरोबर काळ्या वाटाण्यांची उसळ आणि आंबाड्याची करम. उसळ आधी, फोव नंतर. सासूबाईंची सकाळची गोळी आणि फोव यांची वेळ जुळली पाहिजे, कारण त्या दिवशी सगळे पहाटे उठतात आणि घड्याळ पुढे सरकते.

नाताळाला शेजारून येणाऱ्या ताटात नेवऱ्या, कुलकुल, दोदोल आणि बेबिंक (थराथरांचा गोवन केक) असते. कुलकुल आणि नेवऱ्या टिकतात, त्या आठवडाभर पुरवा. बेबिंकमध्ये साधारण तिसरा हिस्सा साखर असते, शिवाय अंड्याचे पिवळे बलक, तूप आणि नारळाचा रस. त्याच्या बोटभर रुंदीच्या, तीस ग्रॅमच्या चकत्या कापा, मध्ये बटर पेपर घालून फ्रीझरमध्ये ठेवा आणि लागतील तेवढ्याच काढून तव्यावर मंद आचेवर कोमट करा, म्हणजे गोठलेले तूप सैल होऊन पदर मऊ होतात.